लहान अनुदाने आणि महाडचे सार्वजनिक आरोग्य

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका पार पडल्या आणि दीर्घकाळ चाललेल्या प्रशासकीय राजवटीनंतर लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. महाडही त्यांपैकीच एक. नव्या सभागृहांपुढे रस्ते, गटारे, पाणीपुरवठा, पूरनियंत्रण हे नेहमीचे विषय येणार आणि त्यांवर हिरिरीने चर्चाही होणार, यात संशय नाही. परंतु या मोठ्या विषयांच्या गर्दीत एक किरकोळ वाटणारा, अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत एका ओळीत मावणारा विषय मात्र चर्चेवाचून राहून जाण्याची भीती आहे. तो विषय म्हणजे तरुणांसाठी व लोकांच्या आरोग्यासाठी गावपातळीवर काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना द्यावयाच्या लहान अनुदानांचा. रक्कम लहान असली म्हणजे प्रश्नही लहान असतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांची स्थिती पाहिली, तर हा समज किती फसवा आहे हे ध्यानात येते.

या भागाच्या अडचणी जगजाहीर आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि प्रवाशांसह दोन एस. टी. गाड्या नदीने गिळल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात एक पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा अंत झाला. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि पोलादपूर तालुक्यातील वाड्यांनाही दरडींचा तडाखा बसला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि अकरा कामगारांचा बळी गेला. प्रत्येक वेळी मंत्री आले, मदत जाहीर झाली, मुंबई-पुण्याहून धान्याचे व कपड्यांचे ट्रक आले. समाजाची सहानुभूती कमी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ही सहानुभूती घटनेनंतर येते आणि पाणी ओसरले की तीही ओसरते. दोन आपत्तींच्या मधल्या वर्षांत जे काम व्हावयास हवे, त्यासाठी पैसा कोठून यावा, हा खरा प्रश्न आहे.

हे काम कोणत्या स्वरूपाचे असते ते पाहिले पाहिजे. पावसाळ्यापूर्वी डोंगरउतारावरील वाड्यांत जाऊन तडे व झरे यांची पाहणी करणे. वस्तीतील दहा-वीस तरुणांना प्रथमोपचाराचे व दोराच्या वापराचे शिक्षण देणे. क्षयाच्या रुग्णाने सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडू नये म्हणून त्याच्या घरी आठवड्याला एक फेरी मारणे. शाळकरी मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घेणे. विटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांचे लसीकरण चुकू न देणे. परप्रांतीय कंत्राटी कामगाराला दवाखान्याचा रस्ता आणि त्याचा हक्क दोन्ही समजावून सांगणे. दहावी नापास झालेल्या मुलासाठी संध्याकाळी एक अभ्यासाची खोली उघडी ठेवणे. यांपैकी एकाही कामासाठी कोटी रुपये लागत नाहीत. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. अर्धवेळ काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक कार्यकर्तीला महिना चार हजार रुपये मानधन द्यावयाचे ठरविले, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये होतात. ज्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न पाच कोटी आहे, तिने त्याचा शंभरावा भाग बाजूला काढला तर पाच लाख होतात आणि तेवढ्यात अशा दहा कार्यकर्त्या उभ्या राहतात. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावर जेवढा पैसा जातो, त्याहून ही रक्कम फारशी मोठी नाही.

अल्प साधनांनी सार्वजनिक आरोग्यात काय साधता येते, याचा पुरावा शोधावयास महाडकरांनी परदेशी जाण्याचे कारण नाही. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास आरंभिला. कोकणात लाल विंचवाचा दंश त्या काळी अनेकदा प्राणघातक ठरत असे. रुग्णाच्या उशाशी बसून केलेली निरीक्षणे आणि एक स्वस्त औषध यांच्या बळावर मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळीसवरून शेकडा एकच्या आसपास आले आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला त्याची दखल घ्यावी लागली. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरंभिलेले काम आणि गडचिरोलीत ‘सर्च’ने एकोणचाळीस गावांत आरोग्यदूतांच्या साहाय्याने नवजात अर्भकांचे मृत्यू कसे रोखले, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन, यांचा निष्कर्षही हाच आहे. गावातील अल्पशिक्षित स्त्री योग्य शिक्षण मिळाल्यास जे करू शकते, ते दूरच्या सुसज्ज रुग्णालयाला करता येत नाही. पुढे देशभर ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली, तिचे मूळ अशाच प्रयोगांत आहे.

मग या भागात अशा कामाला पैसा का मिळत नाही? कारखाने आहेत, नगरपालिका आहे, शासनाच्या योजनाही आहेत. पण पैसा जेथे निर्माण होतो आणि गरज जेथे आहे, त्यांच्यामध्ये हद्दींच्या भिंती आहेत. औद्योगिक वसाहत महाड नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. तेथील कामगार मात्र शहरात व आसपासच्या खेड्यांत खोल्या घेऊन राहतात, शहराचे पाणी पितात, शहराच्या दवाखान्यात जातात. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेल्यापासून लहान नगरपालिका शासनाच्या सहायक अनुदानावर विसंबून आहेत आणि येणाऱ्या अनुदानांचा मोठा भाग ठरावीक कामांना बांधलेला असतो. तीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या शहराची घरपट्टी व पाणीपट्टी ती किती असणार? बिरवाडी, नडगाव यांसारख्या गावांत ग्रामपंचायतींचा कारभार. पोलादपूरला नगरपंचायत आहे, पण तेथील उत्पन्नाची साधने महाडहूनही तोकडी आणि घाटमाथ्याच्या कुशीतील वाड्या तिच्याही हद्दीबाहेर. सावित्रीचे पाणी या हद्दी जाणत नाही. साथीचा रोगही जाणत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अनुदान मिळविण्याचा खर्च रकमेच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षीचे लेखापरीक्षण, आयकर कायद्याखालील नोंदी, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असल्यास २०२१ पासून आवश्यक झालेली आणखी एक नोंदणी, या प्रत्येकासाठी कागद, शुल्क आणि अलिबागच्या वाऱ्या आहेत. हा सर्व खटाटोप पन्नास लाखांच्या देणगीसाठी जेवढा, तेवढाच पन्नास हजारांसाठीही करावा लागतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा स्थिर खर्च होय आणि स्थिर खर्च जेथे मोठा, तेथे लहान घटक बाजारातून बाहेर फेकला जातो. परिणामी ज्यांना कागद करता येतात त्या शहरी संस्थांना पैसा मिळतो आणि ज्यांना वाडीची पायवाट ठाऊक आहे ती मंडळे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत राहतात.

वस्तुतः सामूहिक कार्याची परंपरा या भूमीत क्षीण नाही. पोलादपूर-महाडच्या जवळजवळ प्रत्येक गावाचे ग्रामस्थ मंडळ आहे आणि त्याला जोडलेले चाकरमान्यांचे मुंबई मंडळही आहे. गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून या मंडळांनी मंदिरे बांधली, शाळांना खोल्या दिल्या, पाण्याच्या योजनांना हातभार लावला. आज गिरण्या नाहीत आणि मुंबईत जन्मलेल्या पिढीची गावाकडची ओढ पूर्वीइतकी राहिलेली नाही. वर्गणीचा हा झरा आटत चालला असताना त्याची जागा सार्वजनिक निधीने काही अंशी तरी घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कायद्याचा अडसर मोठा आहे असेही नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने नगरपरिषदांची कर्तव्ये आवश्यक व ऐच्छिक अशी विभागली आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय नागरी संस्थांकडे सोपविले आहेत. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याचे बंधनही आहे. हा राखीव पैसा कसा खर्च होतो, हे नगरपालिकेच्या कार्यालयात काम केलेल्या कोणत्याही कारकुनास विचारावे. दहा महिने तो पडून राहतो आणि मार्च उजाडला की शिलाई यंत्रे, सायकली व भांडी यांच्या खरेदीची धावपळ सुरू होते. वस्तू वाटल्या की छायाचित्र निघते आणि खर्चाचा दाखलाही मिळतो. मनुष्यबळावर केलेल्या खर्चाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तो खर्च मागे पडतो. ग्रामीण भागात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ नंतर गावपातळीवरील आरोग्य व स्वच्छता समित्यांना वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी देण्याची पद्धत पाडली. रक्कम नाममात्र होती, पण तत्त्व महत्त्वाचे होते. गावाच्या गरजा गावाला ठरवू द्याव्यात, हे त्यात मान्य झाले होते. शहरांच्या बाबतीत हे तत्त्व अद्याप पुरतेपणी रुजलेले नाही.

या सूचनेवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे. पहिला आक्षेप असा की, आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे. ती सेवाभावी संस्थांच्या गळ्यात बांधली की ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदे रिक्तच राहतात आणि शासनाला हात झटकण्यास निमित्त मिळते. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच अशा अनुदानांची मर्यादा प्रथमच आखली पाहिजे. डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि रुग्णवाहिका ही कामे अनुदानाच्या कक्षेबाहेर ठेवावीत. लोकांना सरकारी सेवेपर्यंत पोहोचविणे, त्या सेवेवर लक्ष ठेवणे आणि आपत्तीच्या प्रसंगी पहिल्या काही तासांत धावून जाणे, एवढेच क्षेत्र संस्थांचे असावे. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचा जो उपक्रम राबविला गेला, त्याने हे दाखवून दिले आहे की जागरूक संस्था शासनाला जबाबदारीतून मोकळे करण्याऐवजी तिची आठवण करून देतात.

दुसरा आक्षेप वशिलेबाजीचा. अनुदान म्हणजे नगरसेवकांच्या मर्जीतील मंडळांची सोय, गणपती-नवरात्राच्या वर्गणीचे सरकारी रूप, अशी शंका कोणत्याही सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. सार्वजनिक ग्रंथालयांचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांचे वर्ग पाडून त्यांना वार्षिक अनुदान देण्याची व्यवस्था झाली. या लहानशा अनुदानांवर खेडोपाडी वाचनालये तगली, हे त्या कायद्याचे यश होय. त्याचबरोबर कागदावरची वाचनालयेही निघाली आणि शासनाला राज्यभर पडताळणी करावी लागली. या अनुभवाचा बोध अनुदाने बंद करावीत असा होत नाही. निकष स्पष्ट असावेत आणि तपासणी नियमित असावी, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने शहरांना जे विकास अनुदान मिळू लागले, त्याचा पंधरा टक्क्यांपर्यंतचा भाग आरोग्य, युवककल्याण आदी लोकसेवांवर खर्च करण्याची मुभा आहे आणि तो पैसा बहुधा स्थानिक संस्थांमार्फतच खर्च होतो. तथापि शहराने आपली योजना आधी प्रसिद्ध करून जाहीर सुनावणी घेतली पाहिजे, अशी अट तेथे आहे. पुणे महापालिकेनेही २००६ पासून नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवून त्यांचा अर्थसंकल्पात समावेश करण्याची प्रथा पाडली. महाडसारख्या लहान गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे अशी जाहीर छाननी अधिकच परिणामकारक ठरेल.

याखेरीज एक तिसरा मुद्दा आहे, जो औद्योगिक वसाहतीच्या शेजारधर्मातून उद्‌भवतो आणि ज्याची चर्चा सहसा होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे आणि ती खर्च करताना आपल्या परिसराला प्राधान्य द्यावयाचे आहे. महाड परिसरातील शिबिरे, शाळांची बाके, पाण्याच्या टाक्या यांवर असा पैसा लागतो. त्याबद्दल कृतज्ञता असावी. परंतु रासायनिक कारखान्यांच्या परिसरात आरोग्यकार्य करणाऱ्या संस्थेचे पहिले कर्तव्य कोणते? कोणत्या वस्तीत त्वचारोग वाढले, कोणत्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, सावित्रीच्या खाडीतील मासेमाराचे जाळे रिकामे का येते, याची नोंद ठेवणे आणि ती निर्भयपणे मांडणे हे होय. ज्या कारखान्याच्या देणगीवर संस्थेचा वर्षाचा खर्च चालतो, त्याच्याच सांडपाण्याविषयी ती संस्था किती मोकळेपणाने बोलेल? दाता सज्जन असला तरी हा संकोच राहतोच. दोष व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे.

यावरील उपायाची कल्पना वसाहतीतच सापडते. तेथील कारखाने आपापल्या सांडपाण्याचा स्वतंत्र बंदोबस्त करीत बसण्याऐवजी ते सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवितात. सांडपाणी सामायिक होऊ शकते, तर परिसराच्या आरोग्यासाठी द्यावयाचा पैसा सामायिक का होऊ नये? नगरपरिषद, पोलादपूरची नगरपंचायत, वसाहतीलगतच्या ग्रामपंचायती आणि कारखानदार यांनी आपापला वाटा एका निधीत टाकावा. दात्याला निधीत पैसे घालण्याचा अधिकार असावा, पण लाभार्थी संस्था निवडण्याचा नसावा. कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांमार्फत सामाजिक दायित्वाची रक्कम खर्च करण्यास नियमांत वाव आहे. त्या आधारे असा निधी कोणत्या स्वरूपात उभारावा, हे कायदेतज्ज्ञांकडून ठरवून घेता येईल.

निधीची कार्यपद्धती साधी असावी. अर्थसंकल्प मंजूर होताच एप्रिलमध्ये अर्ज मागवावेत आणि पावसाळ्यापूर्वी पहिला हप्ता हाती पडावा. मार्चअखेरच्या धावपळीला त्यात स्थानच नसावे. अर्ज दोन पानांचा व मराठीत असावा. एका संस्थेला पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत, आणि काम समाधानकारक असल्यास सलग तीन वर्षे अनुदान मिळावे, कारण एका वर्षात कोणतेही आरोग्यकार्य मुरत नाही. नोंदणी नसलेल्या ग्रामस्थ मंडळाला एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या आश्रयाने अर्ज करण्याची मुभा असावी. निवड समितीत नगरसेवकांइतकेच प्रतिनिधी शिक्षक, आरोग्य कर्मचारी व कामगार संघटनांचे असावेत. मंजूर व नामंजूर अशा दोन्ही अर्जांची यादी कारणांसह नगरपरिषदेच्या फलकावर लावावी. वर्षाच्या शेवटी प्रत्येक संस्थेने जाहीर सभेत आपला जमाखर्च वाचून दाखवावा. पावत्यांच्या जाडजूड फायलीपेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर द्यावा लागणारा तोंडी हिशेब अधिक कठोर असतो.

या योजनेतील सर्वांत मोठा धोका पैशांच्या अपव्ययाचा नव्हे, ठराव होऊन अंमल न होण्याचा आहे. महाडला हे इतिहासाने शिकविले आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला आणि १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तो आपल्या हद्दीत लागू करून चवदार तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे कोणालाही तेथे पाऊल टाकता आले नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेनंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चालत तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. सार्वजनिक पाण्यावरील हक्काची ती लढाई आणि आजचा अनुदानाचा मुद्दा यांची तुलना करणे धाडसाचे ठरेल. तथापि एक सूत्र दोन्हींत समान आहे. नगरपालिकेचा ठराव लोकांच्या संघटित प्रयत्नावाचून निर्जीव राहतो, आणि लोकांच्या प्रयत्नाला ठरावाचा आधार नसेल तर त्याची दमछाक होते.

नव्या सभागृहाने पहिल्या वर्षी पाच लाखांची तरतूद करून दहा संस्थांपासून आरंभ केला, तरी पुष्कळ झाले. त्यांतील दोन-तीन प्रयत्न फसतील, हे गृहीत धरावे. उरलेल्या सात-आठ ठिकाणी पुढील पावसाळ्यात दरडीखालच्या वाडीला वेळेवर हलविणारी, पुरानंतर लेप्टोच्या रुग्णाला ताप अंगावर काढू न देणारी आणि कारखान्यातील कंत्राटी मुलाला त्याचे सुरक्षेचे हक्क सांगणारी माणसे तयार असतील. शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अर्थसंकल्पाची ती पुस्तिका एकदा मागून घ्यावी आणि ही ओळ त्यात आहे की नाही ते पाहावे. नसेल तर पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी आपल्या नगरसेवकाला त्याचे कारण विचारावे.